तळपायावरचा योंगच्वान: जागा कशी शोधायची, कसं चोळायचं आणि कुठे थांबायचं

ॲक्युपंक्चरच्या चौदा मेरिडियनवर (शरीरातून प्राणशक्ती वाहते असं मानलेल्या वाटांवर) मिळून ३६१ बिंदू मोजले जातात. त्यांतला तळपायावर येणारा बिंदू एकच, योंगच्वान. पायाकडचे बाकीचे बिंदू पायाच्या वरच्या अंगाला, कडेला, नखांच्या कोपऱ्याशी किंवा घोट्याभोवती आहेत. आपल्याकडच्या तक्त्यांवर त्याला ‘के-१’ म्हणतात, म्हणजे किडनी मेरिडियनचा पहिला बिंदू. चिनी नावाचा अर्थ उसळता झरा.

एका बिंदूवर एवढं लिहायचं, तर हाच का? कारण हा घरात वापरायचा बिंदू आहे. चीनमध्येही त्याची खरी कीर्ती दवाखान्यापेक्षा अंथरुणाच्या कडेवर झाली. या बिंदूवर सुई टोचली की भयंकर दुखतं, त्यामुळे रोगी आणि वैद्य दोघंही टाळतात. आज मोबाइलवर याचे व्हिडिओ पाहिले तर कुणी अंगठ्याने, कुणी लाकडी काडीने तळपाय कचकचून दाबत असतो आणि शेजारी ‘किडनी साफ’, ‘रक्तदाब गायब’ असं लिहिलेलं असतं. जुन्या परंपरेचा भर दाबण्यावर नाहीच. तिचा भर चोळून ऊब आणण्यावर आहे. पुढची सगळी रीत त्या एका फरकावर उभी आहे.

जागा शोधण्याची पद्धत

खुर्चीत बसा. उजवा घोटा डाव्या मांडीवर ठेवा, म्हणजे तळपाय आपल्याकडे वळेल. आता पायाची बोटं आत मुडपा, मुठीसारखी. चवड्याच्या गादीच्या लगेच मागे, मधोमध, एक खळगा पडतो. त्या खळग्याचा सर्वांत खोल भाग म्हणजे योंगच्वान. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली बिंदूंच्या जागा प्रमाणित करून प्रसिद्ध केल्या, त्यातही याची ओळख अशीच, बोटं मुडपल्यावर पडणाऱ्या खळग्यावरून दिली आहे.

काहींचा तळपाय मांसल असतो किंवा सपाट असतो, खळगा नीट दिसत नाही. त्यांनी शिवणाचा दोरा घ्यावा. एक टोक दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटाच्या बेचक्यात (अंगठ्याला पहिलं बोट धरून) आणि दुसरं टाचेच्या मागच्या कडेला धरून दोरा तोडावा. त्याच्या तीन समान घड्या कराव्यात. बेचक्यापासून एक घडी मागे जिथे येते तिथे बिंदू. बेचक्यापासून टाचेपर्यंत २१ सेंटिमीटर भरले तर बिंदू बेचक्यापासून ७ सेंटिमीटरवर. मोजणी बोटांच्या टोकापासून करू नका. सगळ्यात जास्त चूक इथे होते, आणि मग बिंदू चवड्याच्या हाडांवर सरकतो, तिथे दाबलं की नुसतं हाड दुखतं.

जागा बरोबर असेल तर अंगठा थोडा आत रुततो आणि जरा जड, खोल, पसरणारी जाणीव येते. टोचल्यासारखी तीव्र कळ आली किंवा वीज गेल्यासारखी झिणझिणी बोटांत गेली तर अंगठा नसेवर आहे. अर्धा सेंटिमीटर मागे या. या जागेखाली तळपायाचा जाड पडदा, बोटं मुडपणारे छोटे स्नायू, बोटांकडे जाणाऱ्या नसा आणि त्याखाली तळपायाची धमन्यांची कमान आहे. म्हणजे भाग भरीव दिसला तरी आत बरंच काही आहे.

तळपायाच्या रंगीत तक्त्यांशी याची गल्लत होते, तेवढं इथेच सांगून टाकतो. औषधाच्या दुकानात किंवा जत्रेत मिळणारे तक्ते, ज्यांत तळपायावर यकृत, फुप्फुस, डोळे, मणके असे सगळे अवयव मांडलेले असतात, ते बहुतेक रिफ्लेक्सॉलॉजीचे असतात. ती पद्धत चिनी नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती आकाराला आली आणि युनिस इंगहॅम या बाईंनी १९३०च्या दशकात तिचा प्रसार केला. त्या तक्त्यावर योंगच्वानच्या जवळपास ‘सोलर प्लेक्सस’ (पोटातलं नसांचं जाळं) दाखवतात. जागा जवळजवळ तीच, मागचा विचार वेगळा. दोन्ही एकत्र कालवले की कुठलंच धड उरत नाही.

जुन्या लोकांनी याचं काय केलं

चिनी वैद्यकाचा पाया मानल्या जाणाऱ्या ‘हुआंगदी नेइजिंग’मध्ये, त्याच्या ‘लिंगशू’ या भागात, किडनीचा प्रवाह योंगच्वानपाशी सुरू होतो आणि योंगच्वान म्हणजे पायाचा मध्य, असं सांगितलं आहे. पण मला त्याहून रंजक वाटते ती सिमा छ्यान या इतिहासकाराने नोंदवलेली एक केस. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले वैद्य छुन्यू यी यांच्याकडे एका राजाची दाई आली. तक्रार काय, तर पाय गरम होतात आणि जीव घुसमटतो. वैद्याने दोन्ही तळपायांच्या मध्यावर तीन-तीन ठिकाणी टोचलं, रक्त येऊ नये म्हणून ती जागा दाबून धरली, आणि दुखणं लवकर गेलं. कारण काय निघालं? बाईंनी दारू प्यायली होती, तीही भरपूर. नोंदीत योंगच्वान हे नाव नाही, फक्त ‘पायाचं हृदय’ म्हणजे तळपायाचा मध्य म्हटलं आहे. पण तळपायांची आग आणि तळपायाच्या मध्यावर उपचार ही जोडी किती जुनी आहे, ते यावरून दिसतं.

चोळण्याची रीत पुढे सोंग राजवटीत चांगली रुळलेली दिसते. कवी आणि प्रशासक सू शी (१०३७–११०१) यांनी एका वयस्क परिचिताला आरोग्याचा नित्यक्रम लिहून कळवला होता. मध्यरात्रीनंतर उठायचं, अंगावर कपडा घ्यायचा, मांडी घालून बसायचं, दातांवर दात आपटायचे, श्वास सांभाळायचा आणि मग दोन्ही तळपाय हातांनी गरम होईपर्यंत चोळायचे. त्यानंतर बेंबीखालचा भाग, कंबर, चेहरा, कान, मान. शेवटी केस विंचरून पुन्हा झोपायचं. त्याच परंपरेत वृद्धांच्या संगोपनावर लिहिणाऱ्यांनी याची हातवळणी अधिक नेमकी सांगितली: एका हाताने पायाची बोटं धरा, दुसऱ्या हाताने तळवा चोळा, तळवा तापला की बोटं थोडी हलवा-फिरवा, दमलात तर थांबा. दुसऱ्याकडून चोळून घेतलं तरी चालेल, पण स्वतः चोळणं अधिक चांगलं. हे शेवटचं वाक्य मला फार शहाणपणाचं वाटतं. ज्याला वाकून आपला तळपाय गाठता येतो, त्याच्या कमरेची, गुडघ्यांची आणि बोटांची आपोआप हालचाल होते. फायद्यातला बराच भाग तिथेच असावा.

परंपरेने या बिंदूकडे सोपवलेल्या तक्रारी पाहिल्या तर त्यांत एक सूत्र सापडतं. टाळूकडची डोकेदुखी, चक्कर, झोप न लागणं, छातीत धडधड, घसा सुकणं-दुखणं, आवाज बसणं, डोळ्यांपुढे अंधारी, बेशुद्धी, लहान मुलांचे झटके. बहुतेक सगळं डोक्याकडे चढलेलं. चिनी वैद्य म्हणतात, वर चढलंय ते खाली ओढा. आणि शरीराचं सगळ्यात खालचं टोक म्हणजे तळपाय. पाच केंद्रांची उष्णता हाही त्यांचा एक प्रकार आहे: दोन तळहात, दोन तळपाय आणि छाती, रात्री तापणारे. किडनीतलं पाणी कमी पडलं की हृदयाचा अग्नी मोकाट सुटतो, अशी त्यामागची मांडणी. म्हणूनच तळहाताचा खळगा (तिथे लाओगोंग हा हृदयाच्या आवरणाच्या मेरिडियनचा बिंदू आहे) तळपायाच्या खळग्यावर घासायचा, म्हणजे अग्नी आणि पाण्याची गाठ पडते, असं ते सांगतात. किडनी म्हणजे इथे आपण सोनोग्राफीत पाहतो तो अवयव नव्हे. वाढ, प्रजनन, हाडं, कान, भीती, म्हातारपण असं सगळं पोटात घेणारी ती एक कल्पना आहे. त्यामुळे ‘के-१ दाबा, क्रिएटिनिन उतरवा’ हा दावा चिनी परंपरेलाही धरून नाही आणि आधुनिक वैद्यकालाही.

आजच्या विज्ञानाच्या बाजूने झोपेपुरता एक चांगला धागा मिळतो. १९९९ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की हातपायांच्या रक्तवाहिन्या रुंदावून ते उबदार झाले असतील, तर झोप लवकर लागते. शरीर झोपण्याआधी आतली उष्णता हातापायांवाटे बाहेर टाकतं. तळपाय चोळून गरम करणं हे त्याच वाटेने काम करत असणार, असं मानायला जागा आहे. त्यासाठी तो नेमका खळगाच लागतो का, हे ठरवणं अवघड आहे. तळपाय चोळला की नाही हे माणसाला कळतंच, त्यामुळे खोट्या उपचाराशी तुलना करणारा प्रयोग नीट जमत नाही.

चोळण्याआधी पाय तपासा

ही पायरी कुणी करत नाही, म्हणून तिच्यावर थोडा वेळ घालवतो.

उजेडात बसून दोन्ही तळवे बघा. बेचक्यांत चिखल्या, टाचेला भेगा, कुरूप, फोड, जखम, लालसर गरम भाग असेल तर त्या ठिकाणी चोळू नका. एकच पाय सुजलेला आणि पोटरी दुखत असेल, तर चोळणं पूर्ण बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. शिरेत रक्ताची गाठ असू शकते.

मधुमेह असेल तर आणखी एक चाचणी घरी करता येते. रोग्याने डोळे मिटावेत. दुसऱ्याने त्याच्या दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला टोकाशी एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करावा, दाबू नये, टोचू नये. कळलं की ‘हो’ म्हणायचं. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळलं नाही, तर पायाची संवेदना कमी झाली आहे असं धरून डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. अशा माणसाने गरम पाण्यात पाय घालणं, काडीने दाबणं, मोक्साचा (पेटवलेल्या औषधी कांडीचा) शेक, उंचवटे असलेल्या ॲक्युप्रेशर चपला, सगळं वर्ज्य. भाजलं तरी त्याला कळत नाही आणि कळेपर्यंत जखम चिघळलेली असते. मधुमेह्याचा एक पाय न दुखता गरम आणि सुजलेला दिसला तर वाट पाहायची नाही, चालणंही टाळायचं आणि डॉक्टर गाठायचा.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर हलकं चोळावं, जोराने दाबू नये, निळे डाग पडतात. गरोदर बाईने तेल लावून हलका हात फिरवायला हरकत नाही. खोल दाब, मोक्सा किंवा सुई आपल्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको.

तळपायांची आग ही या बिंदूकडे लोक वळण्याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण. ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जा, गुलकंद आणि तळपायाला तूप, यात वर्षं निघून जातात. आग महिनाभर राहिली, रात्री वाढत असली, जोडीला मुंग्या किंवा बधिरपणा असला, तर आधी रक्तातली साखर, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता फार आढळते आणि ती वेळेवर भरून काढली नाही तर नसांचं नुकसान कायमचं होऊ शकतं. रोज दारू घेणाऱ्यांनाही हाच त्रास होतो. त्या राजाच्या दाईची आठवण इथे यावी.

रोजची रीत

रात्रीचं जेवण होऊन तासभर झाला, मोबाइल बाजूला ठेवला, की सुरुवात करा. सकाळीही चालतं, पण झोपेसाठी करायचं तर रात्रच बरी.

पहिल्यांदा कोमट पाणी. बादलीत घोटे बुडतील इतकं, अंगाला सुखद वाटेल असं, साधारण ३८ ते ४० अंश. कोपर बुडवून पाहा. कोपराला चटका बसत असेल तर पायाला नको. १० ते १५ मिनिटं पुरे. मीठ घालायचं तर घाला, न घातल्याने काही बिघडत नाही. पाय बेचक्यांपर्यंत कोरडे पुसा. उन्हाळ्यात ही पायरी गाळली तरी चालते.

मग चोळणं. खुर्चीत किंवा पलंगाच्या कडेला बसून डावा घोटा उजव्या मांडीवर घ्या. डाव्या हाताने बोटं धरून किंचित मागे ओढा, म्हणजे तळवा ताणला जाईल. उजव्या तळहाताचा खळगा तळपायाच्या खळग्यावर ठेवा आणि चवड्यापासून टाचेकडे, टाचेकडून चवड्याकडे, सरळ रेषेत घासा. गती सारखी ठेवा, साधारण सेकंदाला एक फेरी. जुन्या पुस्तकांत शेकड्याने, काही ठिकाणी हजारांनी आकडे दिलेत. त्यांच्या मागे लागू नका. खूण एकच: तळवा आतून गरम लागला पाहिजे. बहुतेकांना दोन-तीन मिनिटं लागतात, म्हाताऱ्या माणसांना आणि थंड पायांच्या लोकांना अधिक. मग बोटं पुढे-मागे वाकवा, घोटा दोन्ही दिशांनी फिरवा, आणि पाय बदला.

कोरडं चोळायचं की तेल लावून? कोरड्याने ऊब पटकन येते, पण भेगाळलेल्या पायाला ते सोसत नाही. दोन थेंब तिळाचं किंवा खोबरेल तेल पुरे. तेल जास्त झालं की हात नुसता घसरतो, घर्षण होत नाही.

यानंतर दाब, हवा असेल तर. अंगठ्याचं पेर नव्हे, अंगठ्याची गादी योंगच्वानवर ठेवा, चार बोटं पायाच्या वरच्या अंगाला आधाराला. श्वास सोडताना हळूहळू दाब वाढवत न्या, पाच-सहा सेकंद धरा, श्वास घेताना सोडा. असं आठ-दहा वेळा. दुखणं ‘गोड’ हवं. चेहरा वाकडा होत असेल तर ते जास्त आहे. दुसऱ्या दिवशी चालताना जागा दुखली, तर आदल्या दिवशीचा दाब जादा झाला. नखं कापलेली असावीत, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

गुडघा बदललेला असेल, कंबर वाकत नसेल, पोट आड येत असेल, त्यांनी घोटा मांडीवर ओढायचा अट्टाहास करू नये. खुर्चीत बसून जुनं लाटणं किंवा टेनिसचा चेंडू पायाखाली घ्यावा आणि चवडा ते टाच फिरवावा. दोन्ही पाय जमिनीजवळ, वजन खुर्चीवर. उभं राहून चेंडूवर पाय देऊ नये, पडण्याचा धोका आहे.

उंचवट्यांच्या प्लास्टिकच्या चपलांविषयी लोक विचारतात. त्या सगळ्या तळव्याला टोचतात आणि नेमक्या या खळग्याला कमीच लागतात, कारण तो खोलात आहे आणि वजन चवडा-टाचेवर पडतं. आवडत असतील तर पाच मिनिटं घालाव्यात. उपचार म्हणून पैसे घालण्यासारखं त्यात मला काही दिसत नाही.

काशाची वाटी आणि तलहृदय

मराठी घरांत योंगच्वान हे नाव कुणी ऐकलं नसलं तरी काशाच्या वाटीने तळपाय घासणं माहीत आहे. डोळ्यांची आग, झोप न लागणं, जागरण, उन्हातून आल्यावर, अशा वेळी आजीने तळपायाला साजूक तूप किंवा तेल लावून वाटी फिरवायची. चरकसंहितेत पादाभ्यंगाने पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, रुक्षता, थकवा आणि बधिरपणा शमतो असं सांगितलं आहे, आणि वाग्भटाने रोजच्या अभ्यंगात डोकं, कान आणि पाय यांवर विशेष भर द्यायला सांगितलं. आजी वाटी फिरवायची त्या तक्रारी चिनी यादीशी किती जुळतात, ते पाहण्यासारखं आहे.

सुश्रुताने १०७ मर्मं (इजा झाली तर धोका असलेल्या जागा) सांगितली, त्यांत तलहृदय हे तळपायाच्या मध्यावर, मधल्या बोटाच्या रेषेत आहे. ‘योंगच्वान म्हणजेच तलहृदय’ असं सर्रास लिहिलं जातं. तसं नाही. तलहृदय तळव्याच्या मधोमध, योंगच्वान त्याच्या थोडा पुढे. शिवाय सुश्रुताची यादी मुळात शस्त्रकर्म करणाऱ्यासाठी आहे: इथे इजा झाली तर वेदना होऊन काही काळाने मृत्यू येऊ शकतो, सांभाळा. घासण्यासाठी म्हणून ती लिहिलेली नाही. वाटी मात्र चवडा ते टाच फिरते, त्यामुळे दोन्ही जागा तिच्या वाटेत येतातच.

वाटी वापरायची तर अर्धा चमचा तूप किंवा तेल दोन्ही पायांना मिळून पुरतं. वाटीचा गोल तळ तळव्यावर टेकवून आधी आठाच्या आकड्यात, मग खळग्यावर लहान वर्तुळात फिरवा. एका पायाला पाच ते सात मिनिटं. तळवा काळपट होऊ लागतो, तेव्हा लोक म्हणतात, बघा उष्णता बाहेर आली. तो रंग वाटीचा. कासं म्हणजे तांबं आणि कथील. तूप आणि घामातल्या आम्लांशी त्याची प्रक्रिया होते, थोडा धातू घासलाही जातो. आंबट ताक पितळेच्या भांड्यात कळकतं, त्याच जातीचा हा प्रकार आहे. पाय काळा झाला नाही म्हणून उष्णता नव्हती असं नाही, आणि खूप काळा झाला म्हणून रोग गेला असंही नाही. घासून झाल्यावर पाय नीट पुसा, मोजे घाला. तेलकट पायांनी फरशीवर घसरून म्हातारी माणसं पडतात.

लेप आणि मोक्सा

चिनी घरगुती औषधांत योंगच्वानवर लेप बांधण्याची मोठी परंपरा आहे. एव्होडिया नावाच्या झाडाच्या फळांची पूड व्हिनेगरमध्ये कालवून मुलांच्या तोंडातल्या व्रणांसाठी रात्री तळपायाला बांधायची. नाकातून रक्त येत असेल तर ठेचलेला लसूण. तत्त्व तेच, वरचं खाली ओढणं. आपल्याकडे उन्ह लागलं की तळपायाला कांदा चोळतात, ते याच्या जवळचं. कांदा चोळून नुकसान नाही, पण ऊन लागून माणूस बरळायला लागला, अंग तापून तो भानावर राहत नसेल, तर कांद्यात वेळ घालवू नका; सावली, अंगावर पाणी, वारा आणि १०८. कच्चा लसूण त्वचेवर बांधून ठेवला तर खरंच भाजतो, फोड येतात, मुलांच्या नाजूक पायाला तर तासाभरातही. तो करू नका.

मोक्सा म्हणजे दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीची वाळवून कुटलेली पानं, कांडी करून पेटवलेली. जोतिबाला वाहतो त्या दवण्याची ती बहीण. कांडी त्वचेपासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरून ऊब द्यायची, पाच-दहा मिनिटं. हिवाळ्यात पाय गार पडणाऱ्यांना हे फार सुखाचं वाटतं. पण तळपायाची कातडी जाड, त्यामुळे उष्णता उशिरा कळते आणि भाजल्यावर कळते. पहिल्यांदा शिकलेल्या माणसाकडून करून घ्या. दम्याच्या रोग्याच्या खोलीत तर हा धूर नकोच.

हे काम या बिंदूचं नाही

जुन्या ग्रंथांत बेशुद्धी आणि झटके यांसाठी योंगच्वान सांगितला आहे, आणि त्या काळी हातात तेवढंच होतं. आज कुणी कोसळलं, तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर तळपाय चोळत बसणं म्हणजे मेंदूचे मोलाचे तास घालवणं. मुलाला झटका आला तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, वेळ पाहा, दवाखाना गाठा. अचानक आलेली, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी याच रांगेत.

रक्तदाबाचं मापन चोळण्याआधी आणि नंतर करून आकडा उतरला म्हणून आनंदणारे लोक बरेच आहेत. पंधरा मिनिटं शांत बसलं तरी आकडा उतरतो. तो उतरलेला आकडा गोळीची जागा घेत नाही.

मग अपेक्षा कशाची ठेवायची? रात्री पाय गार पडून झोप न येणं, दिवसभर उभं राहून आलेला तळव्यांचा थकवा, डोकं गरम-पाय थंड अशी जागरणानंतरची अवस्था, परीक्षेआधीची किंवा प्रवासाआधीची अस्वस्थता. यांत आठ-पंधरा दिवसांत फरक कळायला हवा. झोपेसाठी करत असाल तर झोपायची वेळ आणि चोळण्याची वेळ रोज एकच ठेवा. तीन आठवड्यांत काहीच बदल नसेल तर दाब वाढवू नका. त्रासाचं कारण दुसरं आहे.

सुई लावून घ्यायची असेल तर

आपल्याकडे ॲक्युपंक्चर पोचण्यामागे एका मराठी गावाशी जोडलेला धागा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, त्याच पथकात बंगालचे डॉ. बिजयकुमार बसू होते. बसू पुढे १९५०च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि कोलकात्यात तिचा उपचार सुरू केला. आज महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५चा स्वतंत्र कायदा आहे, म्हणून उपचारकाला नोंदणी क्रमांक निःसंकोच विचारा.

अनुभवी उपचारक योंगच्वानला सहसा हात घालत नाही. तळपायाची कातडी जाड आणि घाण लवकर धरणारी, सुई सरळ आणि जेमतेम अर्धा ते एक चिनी इंच जाते (त्यांचा इंच म्हणजे रोग्याच्या अंगठ्याच्या पेराची रुंदी), आणि कळ अशी येते की माणूस पाय झटकतो. त्याऐवजी बरेच जण आतल्या घोट्यामागचा, त्याच मेरिडियनवरचा ताइशी हा बिंदू घेतात. कुणी पहिल्याच दिवशी दोन्ही तळपायांत सुया लावायला निघाला तर कारण विचारा. सुई प्रत्येक वेळी तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे, कातडी आधी स्पिरिटने पुसली पाहिजे, आणि तुम्ही आडवे असायला हवेत, बसलेले नव्हे, कारण या बिंदूवर घेरी येते. तुमच्या चालू गोळ्यांची यादी त्याने विचारायला हवी. ती न विचारता, रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या आजपासून बंद करा म्हणाला, तर सुई लागण्याआधी उठून या.